चांदीचं बोंडलं आणि दोन काळे घोडे

राणीला मुलगी झाली आणि तासाभरात राजा जयधवलाचा हुकूम आला, "राणीनं पाजायचं नाही! राजाची लेक काय शेळीचं करडू आहे लुचायला? चांदीच्या बोंडल्यानं गाईचं केशरी दूध द्या!"

राणी मुसमुसून रडू लागली. कुशीत लेकरू भुकेनं टाहो फोडतंय, आणि दारात राजवैद्य गुंडोपंत ते तोटीचं बोंडलं घेऊन उभे! बाळंतपण केलेल्या हौसा सुईणीला हे बघवेना. पदर खोचून ती तडक दरबारात गेली.

"महाराज, थोरले युवराज याच बोंडल्यावर वाढले ना? नऊ वर्षांचे झाले, पण चार पायऱ्या चढले की धाप लागते. बारा महिने खोकला! माझी पाचही पोरं अंगावर प्यालेली. पावसात भिजतात, पण शिंकत नाहीत. आईचं दूध जन्मभर पुरतं!"

तिच्या मागोमाग आलेल्या गुंडोपंतांनी नाक मुरडलं. "अडाणी बाई! आईचं पहिलं दूध पिवळं, चिकट, नासकं असतं. पिळून टाकायचं ते!"

"आणि गाईच्या चिकाचा खरवस वाटीवाटीनं चापता, तो नासका नसतो वाटतं?"

दरबार खुसखुसला. राजा मात्र भडकला.

"जन्मभर पुरतं काय? मग या पोरीचं वीस वर्षांनी काय होईल ते मला आज दाखव! सूर्य मावळायच्या आत! नाही दाखवलंस तर पोरंबाळं घेऊन राज्याबाहेर चालती हो!"

हौसाचा नवरा राजाच्या पागेत मोतद्दार, घोड्यांची चाकरी करणारा. वेशीबाहेर घोड्यांचा सौदागर उतरल्याचं तिला ठाऊक होतं. दुपार कलायच्या आत ती त्याच्याकडून दोन काळेभोर घोडे मागून घेऊन वाड्यासमोर हजर!

"महाराज, लढाईसाठी एक निवडा."

राजाला घोड्यांचं भारी वेड. त्यानं डावीकडच्याच्या मानेवर थाप मारली. "हा!"

"झकास पारख! याला जन्मताच आईपासून तोडलं बरं का. चांदीच्या बोंडल्यानं केशरी दूध पाजून वाढवलाय."

राजानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "हॅट! आईला न लुचलेलं शिंगरू? दोन कोसांत तोंडाला फेस येईल. हाडात जोर येणार कुठून?"

"पण दूध सुटून तर चार वर्षं झाली, महाराज."

"चौदा होऊ देत! ते दूध चुकलं की जन्माचं चुकलं. मोतद्दाराचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे!"

"मोतद्दाराची बायको सकाळपासून तेच सांगतेय," हौसा म्हणाली. "वीस वर्षांनंतरचं आता तुम्हीच बोललात. सूर्य अजून वर आहे!"

राजा चपापला. मग चाचरत म्हणाला, "पण हा घोडा... खरंच बोंडल्यावर वाढलाय?"

"छे हो! दोन्ही आईला लुचूनच वाढलेत. शिंगराला बोंडल्यानं पाजणारा खुळा कुठल्याही पागेत एक दिवस टिकायचा नाही, महाराज. तो टिकतो फक्त राजवाड्यात!"

सगळ्यांच्या माना गुंडोपंतांकडे वळल्या. राजा आधी लाल झाला, मग असा हसत सुटला की पगडी तिरकी झाली! "जा गं बाई, पोरीला आईच्या कुशीत दे! आणि हे दोन्ही घोडे तुझ्या दारात बांध, सौदागराला मोल मी देतो."

हौसा आत पोचली, तोवर राणीनं बाळाला पदराखाली घेतलंही होतं.