कागदात नसलेली फुंकर

एका गावात एक तांबटीण होती. तांबे तिच्या हाताचे ऐकत असे. अक्षर मात्र तिला एकही येत नव्हते. तिचे नाव द्वारका.

तो मुलूख खडकाळ होता. झाडे थोडी, त्यामुळे सरपणासाठी बायकांना दोन-दोन कोस चालावे लागे. आणलेली मोळी एका दिवसाच्या हुलग्यांवर संपून जाई, कारण हुलगे शिजता शिजत नसत.

द्वारकेने एक भांडे केले. त्याचे झाकण तोंडावर बसत नसे, तोंडाच्या आतून बसे. वाफ जितका जोर करी तितके ते घट्ट होई, आणि एक चिलीम ओढून होईपर्यंत हुलगे मऊ होत. पण पहिले भांडे फुटले. तिची डावी भुवई भाजली आणि पुन्हा नीट उगवली नाही. दुसरेही फुटले. मग तिने झाकणाला बारीक भोक पाडले आणि भोकावर एक जड टोपी ठेवली. वाफ फार झाली की टोपी उचले, सूं करी आणि पुन्हा बसे. तिसरे भांडे फुटले नाही.

त्या राज्यात एक नियम होता. कोणी नवी वस्तू केली तर राजा तिचा चौदा वर्षांचा पट्टा देई. तेवढी वर्षे ती वस्तू करणाऱ्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणी करायची नाही. बदल्यात करणाऱ्याने सगळी कृती कागदावर लिहून द्यायची, म्हणजे पुढे ती सर्वांची व्हावी. कागद पुरा आहे की नाही, हे कोणी वाचून ठरवत नसे. त्याच धंद्यातला, पण ती वस्तू कधी न पाहिलेला कारागीर दूरच्या गावाहून आणत. त्याने चावडीपुढे बसून केवळ कागदावरून वस्तू करायची. मूळ कारागिराने समोर बसायचे, तेही तोंडात पाण्याची गुळणी धरून. वस्तू पुरी होण्याआधी गुळणी टाकली, की पट्टा गेला.

कागद लिहायचा कोणी? गावात लिहिणारे एकच होते, चिंतोपंत शास्त्री. बारा वर्षे काशीला राहून शिकलेले, पण स्वभाव भारी धास्तीचा. दाराला कडी घातली का, हे ते तीनदा पाहून येत. आणि परत येऊन बसले की आपण तीनदा पाहिले की दोनदा, ही शंका त्यांना छळत राही.

त्यांनी आठ दिवस खपून पहिला कागद लिहिला आणि द्वारकेला वाचून दाखवला. त्यात ‘अपूर्व पाकपात्र’ होते, ‘अग्निनारायणाचा कृपाप्रसाद’ होता, राजाची स्तुती तर तीन ठिकाणी होती. द्वारकेने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“शास्त्रीबुवा, हे ऐकून कुणाला भांडं घडवता येईल का?”

शास्त्र्यांनी कागदाकडे पाहिले. “नाही येणार.”

“मग लिहिलंत कुणासाठी?”

“मी किती शिकलोय ते राजाला कळावं म्हणून लिहिलं असेल,” शास्त्री म्हणाले. त्यांनी तो कागद तिथेच तिच्या भट्टीत टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते दौत-लेखणी घेऊन तिच्या कारखान्यातच येऊन बसू लागले. ती हातोडी उचले आणि ते प्रश्न विचारत.

“भोक केवढं?”

“बाजरीच्या दाण्याएवढं.”

“कुठल्या बाजरीच्या? हलक्या जमिनीतला दाणा बारीक असतो.”

द्वारकेने कपाळाला हात लावला. मग एक खिळा काढून दिला. “हा जाईल एवढं. आता खिळा कुठल्या लोहाराचा ते विचारू नका.”

“लोहार नको. जाडी सांग.”

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. “यात तुझं नवं काय? म्हणजे दुसऱ्यानं करायचं नाही असं आपण कशाकशाला म्हणायचं?”

द्वारका बोटांवर मोजू लागली. “भांडं माझ्या आजीचं. झाकण तिच्याही आजीचं. वाफ देवाची. माझं म्हणाल तर आतून बसणारं झाकण, त्याला भोक आणि त्यावर ही तांब्याची टोपी. एवढंच.”

“टोपी दगडाची केली तर चालेल?”

“चालेल की. पितळेचीही चालेल.”

“मग ‘तांब्याची’ लिहिलं तर उद्या कोणी दगडाची करून तुला वाकुल्या दाखवील. ‘वाफेने उचलेल आणि आपोआप परत बसेल असे वजन’, असं लिहू. तुझं आहे त्याहून एक बोट जास्त मागायचं नाही, आणि एक बोट कमीही नाही.”

द्वारका पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहू लागली. हा म्हातारा कडी तीनदा तपासतो, ते अगदीच वाया जात नाही, असे तिला वाटले.

शेवटच्या दिवशी ती झाकणाला कल्हई करत होती. पाहायला शेजारच्या चार बायका जमल्या होत्या. नवसागर कुठून टाकायचा, कथील किती, कापसाचा बोळा कोणत्या हातात धरायचा, शास्त्री विचारतच होते. शेवटी द्वारका म्हणाली, “शास्त्रीबुवा, उद्या विचाराल, श्वास कुठल्या नाकपुडीनं घेतेस.” बायका पोट धरून हसल्या. तेवढ्यात द्वारकेने ऊन झाकण चिमट्याने तोंडाशी नेले, त्यावर एक फुंकर मारली आणि खाली ठेवले. हे तिने केले, पण तिचे तिलाही कळले नाही. पापणी लवते ते कुठे कळते?

शास्त्र्यांनी मात्र ते पाहिले. ‘फुंकर कशाला?’ हा प्रश्न त्यांच्या ओठावर आला. पण हसे नुकतेच झाले होते, आणि बायका अजून पदराने डोळे पुसत होत्या. राख उडवली असेल, असे म्हणून त्यांनी पुढचे वाक्य लिहायला घेतले.

कागद पुरा झाला तेव्हा शहरातला भांड्यांचा मोठा व्यापारी गुलाबशेट शास्त्र्यांच्या ओसरीवर येऊन बसला. त्याला भांड्याची बातमी लागली होती.

“शास्त्रीबुवा, एवढे विद्वान तुम्ही, आणि ते भोकसुद्धा लिहून टाकलंत?” तो म्हणाला. “भोक गाळा. बाईला आणि मला तेवढं माहीत असू द्या. दुसऱ्यांची भांडी फुटतील, लोक झक मारत आपल्याकडे येतील. चावडीवरच्या कारागिराचं मी बघतो. आणि मागताना ‘झाकण असलेलं प्रत्येक भांडं’ असं मागा. मागायला काय जातं?”

गुलाबशेटची दरबारात ऊठबस होती, हे शास्त्र्यांना ठाऊक होते.

“फुटतील ती कुणाच्या तरी तोंडावर फुटतील,” ते कसेबसे म्हणाले. “माझ्या हातून नाही होणार.” गुलाबशेट गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, आणि ती त्या दिवशी सात वेळा तपासली.

परीक्षेचा दिवस आला. चावडीपुढे सगळा गाव जमला. हुन्नरखात्याचे, म्हणजे पट्टे देणाऱ्या खात्याचे, कारभारी गादीवर बसले. वीस कोसांवरून लहानू नावाचा तांबट आणला होता. माणूस गरीब, पण हात इतका नेमका की त्याच्या गावात भांडे चांगले निघाले तर ‘लहानूचं दिसतंय’ म्हणत. द्वारकेने तोंडभर पाणी घेतले आणि ती समोर बसली. कारभाऱ्यांचा कारकून लहानूला कागद एकेक ओळ वाचून दाखवू लागला.

लहानूने भांडे घडवले. झाकण आतून बसेल असे केले. खिळ्याच्या जाडीचे भोक पाडले. मग कागदात होती तशी झाकणाला कल्हई केली, टोपी ठेवली आणि हुलगे घालून भांडे चुलीवर चढवले. द्वारकेचे डोळे हसत होते. एवढा नेटका हात तिने पाहिला नव्हता.

जाळ लागला. एक चिलीम झाली. टोपी हलेना.

दुसरी चिलीम होत आली. भांड्याच्या सांध्यातून कुईकुई आवाज येऊ लागला. काय झाले ते पाहायला लहानू खाली वाकला आणि त्याने कान झाकणाजवळ नेला.

त्या क्षणी द्वारकेला आपली फुंकर आठवली. कल्हईचे कथील वितळून भोकात उतरते आणि ते बुजवते. ते ओले आहे तोवर फुंकर मारली तरच भोक मोकळे राहते. लहानूने फुंकर मारली नव्हती. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तिने गुळणी टाकली. “मागं हो, दादा!”

नुसते ओरडून ती थांबली नाही. धावत जाऊन तिने लहानूला बखोटीला धरून ओढले आणि शेजारची घागर चुलीत उलटी केली. तेवढ्यात सांधा उकलला आणि वाफेचा लोट निघाला, तो नेमका लहानूचे डोके होते त्या जागेवरून गेला. लहानू जमिनीवर बसून आपला कान चाचपत राहिला. कान जागेवर होता.

गर्दीत सगळ्यांत आधी गुलाबशेट बोलला. “गुळणी टाकली. गेला पट्टा.”

कारभारी मनाने वाईट नव्हते. भांड्याचा उपयोग त्यांना कळला होता. त्यांनी शास्त्र्यांना जवळ बोलावले आणि हळू आवाजात म्हणाले, “कागद पुरा होता, कारागिरानेच काम बिघडवलं, असं तुम्ही लिहून द्या. मग ही परीक्षा रद्द धरता येते. दुसरा कारागीर आणू, पुन्हा परीक्षा घेऊ, बाईला पट्टा मिळेल. एका ओळीचं काम आहे.”

शास्त्र्यांनी लहानूकडे पाहिले. ही ओळ लिहिली तर त्याच्या गावात ‘लहानूचं दिसतंय’ हे शब्द यापुढे हसण्यासाठी वापरले जातील. मग त्यांनी द्वारकेकडे पाहिले. तिने सगळे ऐकले होते. तिने फक्त मान हलवली, नाही म्हणून.

शास्त्र्यांचा आवाज एरवी चार माणसांपुढे फुटत नसे. आज तो अख्ख्या चावडीला ऐकू गेला.

“लहानूने कागदात होतं ते सगळं केलं. नव्हतं ते केलं नाही. कारागीर बरोबर आहे, कागद चुकला आहे, आणि कागद माझा आहे. द्वारका ओल्या कल्हईवर फुंकर मारते, ती कागदात नाही. ती मारताना मी पाहिलं होतं. विचारायची लाज वाटली, कारण लोक हसत होते. जन्मभर मी नको तिथे शंका घेतल्या आणि हवी होती तिथे गप्प बसलो. काय लिहायचं ते लिहा, कारभारी. मी लहानूचं नाव लिहिणार नाही.”

“मग पट्टा मिळणार नाही,” कारभारी म्हणाले. “नियम नियम आहे.”

“असू द्या,” द्वारका म्हणाली. “माणूस भाजताना बघत बसायचं आणि तोंडातलं पाणी सांभाळायचं, हा तुमचा नियम. तो तुमच्यापाशीच ठेवा. पुन्हा बसवलंत तर पुन्हा टाकीन.”

गुलाबशेट हसत हसत चावडीवरच त्या कागदाची नक्कल उतरवून घेऊ लागला. पट्टा गेला, आता भांडे कोणीही करावे. आणि शहरात त्याची वीस माणसे मोकळीच होती.

“थांबा, शेट,” द्वारका म्हणाली. “कागद अजून पुरा नाही. शास्त्रीबुवा, लेखणी घ्या.”

“आता कशाला?” गर्दीतून कोणीतरी म्हणाले. “फुटू दे की त्याची भांडी. चांगली खोड मोडेल.”

“त्याची भांडी तो कुठं घरी ठेवणार आहे? ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या तोंडावर फुटतील.” द्वारकेने आपल्या अर्ध्या भुवईवरून बोट फिरवले. “माझं भांडं कुणावर फुटणार नाही. या चोरानं केलेलंसुद्धा नाही. लिहा.”

शास्त्र्यांनी कागदाच्या तळाशी लिहिले, ‘कल्हई ओली असतानाच भोकातून जोराने फुंकर मारावी. भांडे वापरण्याआधीही दर वेळी झाकण तोंडाशी धरून फुंकून पाहावे. वारा पलीकडे न गेल्यास चुलीवर ठेवू नये.’ आणि त्याखाली, कोणी सांगितले नसताना, ‘ही ओळ आधी लिहायची राहिली, तो दोष लिहिणाऱ्याचा. चिंतोपंत.’ लहानूने तिथेच उकललेला सांधा जोडला, नवे झाकण केले, फुंकर मारली, आणि सूर्य कलायच्या आत वाफेने टोपी सूं करून उचलली.

पट्टा मात्र मिळाला नाही. गुलाबशेटने खरेच शंभर भांडी केली आणि शहरातल्या दुकानात मांडली. पण चावडीचा कागद गावोगाव उतरवला गेला होता, आणि तो ऐकलेल्या बायका दुकानात येऊन म्हणत, “शेट, ती द्वारका दाखवा.” भांड्याला दुसरे नाव पडलेच नाही. गुलाबशेटने ‘गुलाबपात्र’ अशी पाटी लावून पाहिली, पण ती कोणी वाचली नाही. मग गिऱ्हाईक बाई झाकण उचली, त्याच्यासमोरच तोंडाशी धरी आणि जोराने फुंकून पाही. वारा त्याच्या तोंडावर येई. आपल्याच दुकानात बसून तो दिवसभर विचारत असे, “बोला बाई, किती द्वारका देऊ?”

तात्पर्य: ज्याच्या हाती फक्त आपला कागद असेल, त्याच्यासाठी लिहावे. आपले नाही ते मागू नये, आपले आहे ते लपवू नये, आणि हसे होईल म्हणून प्रश्न गिळू नये. एवढे करूनही चूक राहिलीच, तर ती आपल्या नावाने लिहावी, दुसऱ्याच्या माथी मारू नये. मग पट्टा गेला तरी बेहत्तर.