मूठभर फुटाण्यांचा खुळखुळा

एक होता राजा. राजाला जरा बाजूला बसू दे, कारण गोष्ट आहे त्याच्या राणीची. राणीचं नाव सगुणा. तिला एकच मुलगी, मंजुळा. ही मंजुळा अशी हसायची, की चुलीवरचं दूध उतू जायचं विसरायचं. कडेपर्यंत येऊन ऐकत उभं राहायचं, बरं का.

मंजुळेचा एक लाकडी खुळखुळा होता. लाल रंगाचा, एका बाजूने कुरतडलेला. तिचं सगळं हसू त्या खुळखुळ्यात राहायचं. पण हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

एकदा काय झालं, राजवाड्यावर बोहारीण आली. जुने कपडे घ्यायचे आणि नवी भांडी द्यायची, हा तिचा धंदा. आता राणी झाली म्हणून काय झालं? जुन्या लुगड्यांवर भांडं घ्यायची हौस कुणाला नसते? राणीने भलंमोठं गाठोडं दिलं आणि चकचकीत पितळी डबा घेतला. खुळखुळा कुठे होता? त्या गाठोड्याच्या तळाशी. गेला तोही.

त्या दिवसापासून मंजुळा हसेना. मग जेवेना. मग तर ती विरायला लागली. पाण्यात साखर विरते ना, तशी. आधी तिची सावली पडेनाशी झाली. मग तिच्या गालातून उशीवरची नक्षी दिसायला लागली. राजाने वैद्य आणले. वैद्यांनी माना हलवल्या आणि दक्षिणा घेऊन गेले. शेवटी मंजुळाच बारीक आवाजात म्हणाली, "आई, माझा खुळखुळा कुठंय?"

तेव्हा राणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोहारणीला दिलेलं शेवटी जातं कुठे? जुन्या बाजारात.

हा बाजार गावाच्या वेशीखाली भरायचा. तांबडं फुटायच्या आधी लागायचा आणि ऊन वेशीच्या कमानीखाली उतरलं की उठायचा. काय नव्हतं तिथे? काटे नसलेली घड्याळं. किल्ल्या हरवलेली कुलपं, आणि चार पावलांवर कुलपं हरवलेल्या किल्ल्या. एकाच पायाचे जोडे. ओजस, पाय पांघरुणात घे, नाहीतर तुझाही एक जोडा तिथेच सापडेल.

आणि अगदी टोकाला, फाटक्या गोणपाटावर, बसायची म्हातारी कवडीबाई. ती साधीसुधी बाई नव्हती. बोहारीण होऊन आली होती ती हीच. तिच्या गोणपाटावरच्या वस्तूंत कुणाची नजर अडकलेली असायची, कुणाचा आवाज. तिला माणसाच्या काळजाची धडधड ऐकू यायची. जितकी धडधड जास्त, तितकी किंमत जास्त.

पहिल्या दिवशी राणी गेली पालखीतून. पुढे भालदार, मागे चोपदार. गोणपाटावर लाल खुळखुळा दिसला मात्र, राणी पालखीतून उडीच मारून उतरली. म्हणाली, "बाई, काय मागाल ते देते."

कवडीबाईने कान टवकारला. म्हणाली, "मग पालखी द्या."

"दिली."

"नको. एवढ्या लवकर हो म्हणालात, म्हणजे मीच कमी सांगितलं. हत्ती द्या."

"दिला."

"पुन्हा चुकलंच माझं. अर्धं राज्य द्या."

राणी हो म्हणते आणि किंमत वाढते. एवढ्यात ऊन कमानीखाली उतरलं. कवडीबाईने गोणपाट गुंडाळलं आणि धुरासारखी नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी राणी पायी गेली. जुनं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. पण डोळ्यांतलं पाणी कुठे लपवणार? कवडीबाई म्हणाली, "आज तुमच्या डोळ्यांतला उजेड हवा."

राणी म्हणाली, "घ्या."

"मग राजाच्या डोळ्यांतलाही लागेल." असं करता करता पुन्हा ऊन आलं आणि पुन्हा म्हातारी गेली.

राणी तिथेच पायरीवर बसली. समोर एक बाई दगडी खल विकत घेत होती. कोंडाबाई तिचं नाव. सगळ्यांची आवराआवर चालली होती, पण ह्या बाईला घाई नव्हती. तिने खल उलटा केला. बोटाने वाजवला. तोंड वाकडं केलं.

"ह्याला काय खल म्हणायचं? कोंबडीला पाणी ठेवायला बरा."

विकणारा म्हणाला, "मावशी, आजोबांच्या वेळचा दगड आहे हा."

"मग आजोबांनाच ठेव." कोंडाबाई उठली आणि निघाली. दहा पावलं गेली नसेल, तोच मागून हाक आली, "ओ मावशी, या, या, तुमच्या भावात न्या." कोंडाबाई परत आली, खल काखेत मारला, आणि म्हणाली, "वर तो बत्ता घाल." त्याने मुकाट्याने बत्ता घातला.

राणी बघतच राहिली. तिने कोंडाबाईला गाठलं. "बाई, तुम्हाला तो खल नकोच होता का?"

"नको कसा? आठ दिवस त्याच्यावर डोळा आहे माझा."

"मग पाठ कशी फिरवलीत?"

"पाठ फिरवल्याशिवाय बाजार होतो का, बाई? मागं तेवढं बघायचं नाही. बघितलं की गेलं. आणि सकाळी सकाळी यावं. भवानीला कोण नाही म्हणत नाही."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, बरं का. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने किंवा नाराज होऊन गेलं, की दिवस बुडाला. कवडीबाईचं तर त्याहून कठीण. भवानी मोडली की तिची जादूच मोडायची.

तिसरा दिवस उजाडायचा होता. मंजुळा आता इतकी विरली होती, की उशीवर नुसती नथीएवढी चमक उरली होती. आजचं ऊन तिच्या अंगावर पडलं की तीही विरणार. राणीने त्या चमकेवर ओठ टेकले, पदराला मूठभर फुटाणे बांधले आणि निघाली. बाजारात कुणीही यायच्या आधी ती कवडीबाईपुढे उभी.

आधी तिने एक गंजकं कुलूप बघितलं. मग एक चेपलेलं नरसाळं बघितलं. मग करंगळीने खुळखुळा ढकलला.

"हे किडकं लाकूड कशाला ठेवलंय, कवडीबाई?"

"त्याला अर्धं राज्य पडेल."

"मी मूठभर फुटाणे देते."

कवडीबाईने काळीज ऐकायला कान पुढे केला. तेवढ्यात राणीने पाठ फिरवली आणि चालायला लागली.

काय वाटलं असेल तिला? पाय पुढे, जीव मागे. एवढ्यात कवडीबाईने खुळखुळा हलवला, आणि मागून मंजुळेचं हसू ऐकू आलं. अगदी खरं. पाठोपाठ हाक आली, "आई!"

राणीने ओठ दाताखाली दाबले. मागे बघितलं नाही.

"बरं, राज्य राहू दे. हत्ती द्या."

राणी चालतेय.

"हत्ती कुठे बांधू मी? पालखी द्या."

राणी चालतेय. बाजार आता भरत आला होता. सगळे आपापला माल सोडून बघायला लागले. कुणी म्हणालं, "कवडीबाईची भवानी चालली की रे." ऊन कमानीच्या माथ्यावर आलं. आणि कवडीबाईचं गोणपाट कडेने उसवायला लागलं.

"ओ ताई, या मागं. मोडू नका भवानी. फुटाणे सालीचे की बिनसालीचे?"

"सालीचे," राणी पुढे बघूनच म्हणाली.

"द्या, तेच द्या."

मग राणी वळली. फुटाणे म्हातारीच्या ओंजळीत टाकले, खुळखुळा छातीशी धरला. आणि जागची हललीच नाही. म्हणाली, "वर काय घालता?"

"वर? आता वर काय?"

"ह्या गोणपाटावर लोकांचं जे जे आहे, ते सगळं वर घाला. नाहीतर मी नाराज होऊन जाते."

कवडीबाईने गोणपाटाकडे बघितलं. ते निम्मं उसवलं होतं. तिने फुटाणे बघितले, ऊन बघितलं, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "न्या."

अख्ख्या बाजाराने टाळ्या पिटल्या. भंगारवाल्यांनी पराती बडवल्या. कोंडाबाईने बत्त्याने खल वाजवला. आंधळ्या सोनाराला त्याच्या चष्म्यासकट नजर मिळाली, मुक्या गवळणीला बांगडीसकट आवाज मिळाला, आणि अशी वाजतगाजत वरात राजवाड्यावर गेली. पालखी नाही, भालदार नाही, तरी राणीसारखी राणी दिसत होती ती त्या दिवशी.

खिडकीतून ऊन आत येतच होतं. राणीने उशीजवळ खुळखुळा हलवला. आधी सावली आली. मग गाल आले. मग गालावरची खळी आली, आणि मंजुळा खदखदून हसली. मग उठून बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

राजाने विचारलं, "काय देऊन आणलंस गं?" राणीने सांगितलं. राजाला काही केल्या खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बाजारात गेला आणि एक फुटकी घागर दुप्पट भावाने घेऊन आला.

मंजुळा मोठी झाली, सगळे पोटभर जेवले, पोटभर हसले, सुखात राहिले. बाजार उठला, गोष्ट उठली. आता तुम्ही मात्र उठायचं नाही. डोळे मिटा.