झुपकीचं पिल्लू फळीमागे

पेठेत होती एक जुनी इमारत. खाली धान्याची दुकानं, वर गोदाम. इमारत झाली म्हातारी, म्हणून निघाली तिची दुरुस्ती. ठक ठक, ठक ठक.

वरच्या झरोक्यात राहायची झुपकी खार. झुपकी गेली दाणे आणायला. तेवढ्यात सुतारानं झरोक्यावर जाड फळी ठोकली. आत कोण आहे, बघायचं की नाही? नाही बघितलं बाई.

झुपकी आली. फळीमागून आवाज आला, "ची ची, आई, भूक."

झुपकी निघाली तुरुतुरु. गेली सुतार केरबाकाकांकडे.

"केरबाकाका, फळी काढा. फळी निघेना, पिल्लू येईना."

केरबाकाका म्हणाले, "चुकलंच गं माझं. पण फळीनं वरची भिंत पेललीय. आता काढली तर भिंत पडेल. आधी तिथं लोखंडी तुळई बसू दे."

झुपकी निघाली तुरुतुरु. गेली गवंडी हुसेनमामांकडे.

"हुसेनमामा, तुळई बसवा. तुळई बसेना, फळी निघेना, पिल्लू येईना."

हुसेनमामा म्हणाले, "बसवतो की. पण उभा कुठं राहू, हवेत? आधी बांबूंची परांची होऊ दे."

झुपकी निघाली तुरुतुरु. गेली परांचीवाल्या भैरूदादाकडे.

"भैरूदादा, परांची बांध. परांची होईना, तुळई बसेना, फळी निघेना, पिल्लू येईना."

भैरूदादा म्हणाला, "बांबू आहेत. पण काथ्या कोरडा आहे. कोरड्या काथ्याची गाठ सुटते. आधी काथ्या भिजू दे."

झुपकी निघाली तुरुतुरु. गेली पाणी भरणाऱ्या चंद्रामावशीकडे.

"चंद्रामावशी, काथ्या भिजव. काथ्या भिजेना, परांची होईना, तुळई बसेना, फळी निघेना, पिल्लू येईना."

चंद्रामावशी म्हणाली, "भिजवते गं. पण माझी छबी झोळीत रडतेय. हिला टाकून कशी येऊ? आधी ती हसू दे."

झुपकीला स्वतःलाच रडू येत होतं. तरी ती चढली झोळीच्या दोरीवर.

"छबी, छबी, हस ना. छबी हसेना, काथ्या भिजेना, परांची होईना, तुळई बसेना, फळी निघेना, पिल्लू येईना."

शेपूट फिरवली छबीच्या नाकावर. गुदूगुदू, गुदूगुदू. छबी हसली खुदुखुदु.

छबी हसली, काथ्या भिजला, चिंब चिंब.
काथ्या भिजला, परांची झाली, करकचून.
परांची झाली, तुळई बसली, धप्प.
तुळई बसली, फळी निघाली, चर्रर्र.
फळी निघाली, पिल्लू आलं, सुर्रकन.

केरबाकाका म्हणाले, "खारुताई, माझ्यावर रागावलीस का?"

झुपकी ऐकतच नव्हती. ती पिल्लाला दूध पाजत होती.

पिल्लू प्यायलं पोटभर, आमची गोष्ट इथवर.