घाटातली चक्री

"मग माझ्या सायकलीला हात कुणी लावला, वस्ताद?"

शिदू वस्ताद सायकलीपाशी उकिडवे बसले होते. ते अंगठ्यानं चाकातली हवा बघत होते.

विश्वजितचे कान तापले होते. घाट चढण्यात त्याच्या तोडीचा सायकलपटू आसपास नव्हता. आणि आज त्याच घाटात, पॅडलवर जोर दिला की मागे चेन खाडकन सटकत होती. मल्हारी त्याला मागे टाकून गेला. हा मल्हारी आत्ता कुठं वस्तादांकडे शर्यतीचं शिकायला आला होता, आणि त्यांच्या शेडमध्ये सायकलींपाशीच झोपत होता.

"चेन कालच नवी टाकलीय. मी स्वतः. जुनी होती तोवर एकदाही सटकली नाही."

"हं…"

"रात्री शेडमध्ये हा एकटाच असतो."

दारात उभ्या मल्हारीनं मान खाली घातली. विश्वजितला ती खाली गेलेली मानही खोटी वाटली.

"स्पर्धा रविवारी आहे, वस्ताद. इथं एकतर हा राहील, नाहीतर मी."

"मागचं चाक काढ," वस्ताद म्हणाले.

त्यांनी फळीवरून मागच्या चाकावर बसणाऱ्या नव्या दातेरी चक्र्यांचा जुडगा काढून विश्वजितपुढे ठेवला.

"जुन्या उतरव."

विश्वजितनं चेनचा तुकडा जोडलेली लोखंडी पट्टी चक्रीभोवती अडकवली. त्या पट्टीनं चक्री रोखून धरायची आणि दुसऱ्या हातानं, पान्यानं, चक्र्या आवळून धरणारं वरचं कडं उलटं फिरवायचं. कडं गच्च बसलं होतं. चाकच कलंडलं, पाना निसटला, बोटांची सालं निघाली.

मल्हारी पुढे झाला.

"लांब राहा."

विश्वजितनं पुन्हा जोर लावला. पुन्हा पाना निसटला…

"पट्टी त्याच्या हातात दे," वस्ताद म्हणाले.

"त्याच्या?"

वस्तादांनी पट्टीकडे बोट केलं.

मल्हारीनं पट्टी धरली. विश्वजितनं पाना फिरवला, पण नजर मल्हारीच्या हातांवरून हलली नाही. कडं करकरलं… आणि सुटलं.

चक्र्या बाहेर आल्या. बाकीच्या ठीक होत्या. एकीचे दाते मात्र झिजून टोकदार झाले होते, एका अंगाला झुकलेले.

"बघा. कानस मारलीय."

"घासलेत खरे."

"कुणी?"

वस्तादांनी टाकून दिलेली जुनी चेन उचलून त्या दात्यांवर ठेवली. अंगाबरोबर बसली. मग नवी ठेवली. ती दात्यांवर अधांतरीच राहिली.

"ही चेन आणि हे दाते बरोबरीनं झिजलेत. घाटात तू कुठल्या चक्रीवर असतोस?"

विश्वजितनं त्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"…याच."

"किती वर्षं?"

विश्वजितनं नवा जुडगा उचलला.

नव्या चक्र्या चढल्या. कडं आवळलं. विश्वजित घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आला. चेन एकदाही सटकली नाही.

तरी त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. आज नसेल केलं मल्हारीनं. उद्या?

संध्याकाळी तो बाजारातून जाडजूड कुलूप घेऊन आला आणि सायकल शेडच्या खांबाला बांधू लागला. मल्हारी अंथरूण झटकत होता, त्यानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

वस्तादांनी कुलूप हातात घेऊन ओढून बघितलं.

"चांगलं आहे. लाव…"

विश्वजितनं लावलं.

"आता किल्ली मल्हारीकडे दे."