कर्णिकेच्या कपाळावरचा लेप

पूर्वी वेत्रवती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अश्ववैद्याच्या कुळात जन्मला आणि वयात येताच राजाच्या पागेत रुजू झाला. त्याच दिवसापासून तिथला थोरला अश्ववैद्य चंडक याच्या पोटात दुखू लागले.

चंडकाने पागेत तीस वर्षे काढली होती. दरसाल शिंगरांच्या मांडीवर तापल्या लोखंडाने राजमुद्रा डागण्याचा मान त्याचा. आणि हा कालचा पोरगा म्हणे, डागू नका, प्रत्येक घोड्याच्या कपाळावरचा केसांचा भोवरा वेगळा असतो, त्यावरून मी ओळखेन! राजा त्याचे ऐकून घेई, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार त्याच्याच मागेपुढे करीत. चंडकाला अन्न गोड लागेना.

शेवटी राजाने ठरवले. पागेतल्या हजारांतून काढलेले शंभर घोडे अंगभर झुली घालून समोर येतील. बोधिसत्त्वाने नुसते कपाळ पाहून नाव सांगावे. एक जरी चुकला तर यंदाची शिंगरे डागली जातील आणि त्याने नगर सोडावे.

त्या सकाळी चंडकाने कर्णिका घोडीच्या कपाळावर जाडसर लेप थापला. जखमबिखम काही नव्हती.

नव्याण्णव घोडे बरोबर निघाले. एकेका नावागणिक चंडकाच्या अंगाची लाही होत होती. मग कर्णिका आली. बोधिसत्त्वाने लेपाचा वास घेतला आणि जखम आहे का, असे विचारले. चंडक म्हणाला, खोल आहे, उघडली तर चिघळेल.

"दुसऱ्या वैद्याचा लेप मी त्याच्या संमतीवाचून काढणार नाही," बोधिसत्त्व राजाला म्हणाला. "ही घोडी मला ओळखता येत नाही."

राजा हळहळला, पण दिलेला शब्द फिरवता येईना. शेगडी पेटली. बोधिसत्त्व जाता जाता चंडकाजवळ आला, तुपाची वाटी त्याच्या हाती दिली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "डागल्यावर शिंगरांना हे लावा, आग कमी होईल. आणि कर्णिकेचा चिखल धुवा, वाळला की कातडी ओढेल तिची."

"कळलं होतं, तर बोलला का नाहीस?"

"तुमची वैद्यकी गेली असती. या पागेतली कितीतरी अडलेली शिंगरं तुमच्या हातानं बाहेर आली आहेत. तो हात पागेला हवा."

तीस वर्षांत हे कुणी बोलून दाखवले नव्हते. आणि बोलला कोण, तर ज्याचे तोंड चंडकाला बघवत नव्हते तो. तेवढ्यात पहिले शिंगरू पुढे आणले, ते कर्णिकेचेच. गेल्या वसंतात जन्मताना ते उलटे अडकले होते, दोन प्रहर खपून चंडकाने सोडवले होते. ते त्याचा हात हुंगू लागले.

चंडकाने लोखंड पाण्यात बुडवले आणि सगळ्यांदेखत घोडीचे कपाळ धुतले. "महाराज, जखम नव्हती. मला याचा हेवा वाटत होता."

लेपाखाली शेजारी शेजारी दोन भोवरे होते. "कर्णिका," बोधिसत्त्व म्हणाला. त्या वर्षी एकही शिंगरू डागले गेले नाही, आणि बोधिसत्त्वाच्या विनंतीवरून चंडकाचे थोरलेपणही राहिले.

विहारात जमलेल्या भिक्षूंना आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "सोबत्याला चांगली भिक्षा मिळते म्हणून हेव्याने आज उपाशी बसलेला हा भिक्षू त्या जन्मी चंडक होता. सुबाहू राजा म्हणजे आपल्या विहाराचे वृद्ध स्थविर. आणि तो तरुण वैद्य मी होतो."

भिक्षूने मान खाली घातली आणि आपले पात्र जवळ ओढले. हातात आलेला विजय सोडून हेवा करणाऱ्याचीही लाज राखावी, या क्षांतीची, म्हणजे क्षमाशील सहनशीलतेची, ही कथा.