जस्ताच्या वडीला हार

ही हकिकत मी गेल्या अक्षय्य तृतीयेला सकाळी, वेळबेटाच्या धक्क्यावर, खुद्द विश्वंभर यांच्या तोंडून ऐकली. ते तेथील मठाच्या बुवांचे शिष्य. बेटावर ये-जा करण्यास साधन एकच, मठाची पोंटून बोट. ती ॲल्युमिनियमच्या दोन लांब पिंपांवर तरंगते. आधीची बोट खाऱ्या पाण्याने खाऊन टाकली होती. ही वर्षभर धड राखली, तर बोटीचा कारभार विश्वंभरांकडे यावयाचा होता.

“बुवा, मी दिलेला रंग कोणी खरवडला?”

“मी.”

“सगळा?”

“जस्ताच्या वड्यांवरचा तेवढा.”

या वड्या पिंपांच्या तळाशी बसवलेल्या असतात. विश्वंभरांनी बोटीबरोबर त्याही रंगवल्या होत्या.

“उघड्या ठेवल्या तर खारं पाणी त्यांना खाईल, बुवा!”

“खाऊ दे. त्यांना खातंय, तोवर पिंपांना खात नाही.”

विश्वंभरांनी धक्क्यावरच्या, बोट उचलून धरणाऱ्या लिफ्टकडे हात केला.

“संध्याकाळी तर मी बोट पाण्याच्या वर उचलून ठेवतो. तिथे कोण खाणार तिला?”

बुवांनी सुकलेल्या पिंपावरून तर्जनी फिरवली आणि ती शिष्याच्या जिभेवर टेकवली.

“...खारट.”

“नवरीसारखी रंगवलीस, विश्वंभरा, अन् अंगाला मीठ चोळून टांगलीस!”

“पण धुवायला गोडं पाणी आणू कुठून? बेटावर विहीर एकच.”

बुवांनी आपल्या आंघोळीची बादली उचलली आणि पिंपावर ओतली.

त्या दिवसापासून ती बादली बोटीची झाली. बुवा खाडीत डुंबू लागले.

वर्षाने तपासनीस आले. बोट लिफ्टवर होती. ते हातोडीने पिंपे ठोकीत टोकापर्यंत गेले. सगळीकडे नाद खणखणीत.

“एक भोक नाही!”

धक्क्यावर शंख फुंकला गेला. बेटकऱ्यांनी बुवांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. विश्वंभर आनंदाने पिंपाखाली वाकले आणि थबकले.

“बुवा... ही वडी तर संपली. नुसता बोल्ट उरलाय.”

बुवांनी गळ्यातला हार काढून त्या बोल्टला अडकवला.

इथवरच्या प्रसंगास तपासनीसही दुजोरा देतात. पुढचे वाक्य मात्र शंखाच्या आवाजात त्यांना ऐकू आले नाही, आणि बुवा आता हयात नाहीत. त्यामुळे ते मला पडताळता आलेले नाही. विश्वंभर सांगतात, बुवा म्हणाले,

“आता या वडीच्या जागी तू.”