डोक्यावरचा हात

गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण खाडीच्या काठी ते होतं आणि त्या गावात हन्ना नावाची एक बुरडीण राहत होती. तिची सुपं चांगली, टोपल्या घट्ट विणीच्या, घरात कष्टाळू नवरा आणि रूथ नावाची लहानगी लेक. देवाच्या कृपेनं काही उणं नव्हतं. उणं दिसायचं ते शेजारी पाहिल्यावर. शेजारी सुताराची बायको दीना राहायची. तिचं अंगण सारवलेलं, मग माझंच का उखडलेलं? तिचा गळा गोड, मग माझाच का घोगरा? बांबूची कामटी काढताना बोट कापलं तरी हन्नाच्या मनात यायचं की दीनाचं बोट कधी कापत नाही. दीना जन्मात बांबूला हात लावत नव्हती, हे तिच्या ध्यानात येत नसे.

त्या गावात एक रीत होती. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी म्हातारे पाळकबाबा चर्चमध्ये एकेकाला नावानं पुढं बोलवायचे. ज्याचं नाव येई तो गुडघे टेकायचा आणि पाळकबाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. मुलांना मात्र सात वर्षांची झाल्यावरच पुढं जायला मिळे.

एका वर्षी दीनाच्या डोक्यावर पाळकबाबांचा हात जरा जास्तच वेळ राहिला. हन्नानं ते बरोबर टिपलं. तिची पाळी आली तेव्हा हात टेकला न टेकला तोच उचलला गेला, असं तिला वाटलं. झालं, ते तिच्या मनाला लागलं. वर्षभर ती राबत राहिली. चर्चला नव्या टोपल्या विणून दिल्या, सगळ्यांच्या आधी येऊन झाडलोट केली. पुढच्या वर्षी हात पुन्हा तेवढाच वेळ. घरी येऊन ती नवऱ्यापुढं रडली. देवाच्या घरीसुद्धा डावं-उजवं आहे, म्हणाली, आपण त्याच्या खिजगणतीतही नाही. रूथ कोपऱ्यात कामट्यांशी खेळत होती. तिनं सगळं ऐकलं.

त्याच्या पुढच्या वर्षी रूथची पाळी होती. आदल्या दिवशी आईनं नवं परकर-पोलकं घालून बघायला हाक मारली, तर पोर सुपांच्या चळतीमागं जाऊन बसलेली. समजावून झालं, दटावून झालं, तरी बाहेर येईना. शेवटी हळूच म्हणाली, "आई, मी नाही जाणार. उद्या दीनाकाकूंची मुलगीपण आहे. तिच्या डोक्यावर हात जास्त वेळ राहील. मग सगळ्यांना कळेल, मी देवाला आवडत नाही."

दुसऱ्या कुणी लेकीच्या मनात हे भरवलं असतं, तर हन्नानं त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? शब्द तिचेच होते.

ती तशीच उठून पाळकबाबांकडे गेली आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बोलून मोकळी झाली. पाळकबाबांनी आठवून सांगितलं की त्या वर्षी उपवासानं त्यांना भोवळ आली होती आणि समोर ज्याचं डोकं होतं त्याचा आधार घेऊन ते कसेबसे उभे राहिले. ते डोकं दीनाचं होतं, हे त्यांना आज कळत होतं.



"हात किती वेळ होता ते तुझ्या पक्कं लक्षात आहे," पाळकबाबा म्हणाले. "आता मी काय म्हणालो, ते सांग."

दोन्ही वेळा हन्ना मोजत होती. ऐकलं काहीच नव्हतं.

"दीनाला म्हणालो, तेच तुला म्हणालो. ख्रिस्तानं तुझ्यासाठी प्राण दिला, एवढं तुझं मोल आहे. त्याच्यापुढं या म्हाताऱ्याच्या हाताचं काय घेऊन बसलीस, बाई?"

घरी येऊन हन्ना सुपांच्या चळतीशेजारी जमिनीवर बसली आणि लेकीला म्हणाली, "रूथ, मी तुला खोटं शिकवलं गं." मग तिनं पाळकबाबांचं बोलणं सगळं सांगितलं. सकाळी परकर-पोलकं रूथनं आपणहून घातलं.

चर्चमध्ये आधी दीनाच्या मुलीचं नाव आलं, मग रूथचं. पुढं जाताना पोरीनं एकदा मागं वळून पाहिलं. हन्नानं डोळे मिटून घेतले आणि कान दिला.

रूथ परत येऊन आईला चिकटून बसली. "आई, माझ्यावर किती वेळ होता हात?"

"मी पाहिलं नाही गं. मी ऐकत होते. तू ऐकलंस?"

रूथनं मान डोलावली आणि आईच्या कानात तो आशीर्वाद अक्षरन् अक्षर म्हणून दाखवला. तेवढ्यात पाळकबाबांनी हन्नाचं नाव घेतलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या डोक्यावरचा हात मोजत बसलेल्याला आपल्या डोक्यावरचा हात जाणवत नाही. आपलं मोल शेजाऱ्याकडे बघून ठरत नसतं; ख्रिस्तानं ते वधस्तंभावर केव्हाच ठरवलं आहे.